टाकेमावशींचा गाऊन

रुग्णालयात त्यांना सगळे टाकेमावशी म्हणत. डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि मी चादरींना, पण माझे पेशंट कुरकुरत नाहीत, असं त्या प्रत्येक नव्या नर्सला सांगायच्या.

बायकांच्या त्या रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, त्यांची खोली होती. एक पायाचं मशीन, एक विजेवरचं, कापडाची ठाणं आणि छताला टेकलेली एक खिडकी. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. नवरा गेला तेव्हा लेक चौथीत होती. तेव्हापासून मावशी इथे बाळांची दुपटी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी शिवत आल्या होत्या. एकवीस वर्षं झाली होती.

त्या वर्षी एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. चणीने लहानखुऱ्या, बोलायला मशीनपेक्षा फास्ट. त्यांनी दर गुरुवारी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली. पाच मिनिटांचं काम, आणि वेळेत सापडलं तर आजार मुळातच खुडता येतो. पण बायका यायच्या, नाव लिहायच्या, कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जायच्या आणि तिथूनच काढता पाय घ्यायच्या.

एकदा कोटाचा खिसा उसवला म्हणून डॉक्टरीणबाई तळघरात आल्या. मावशी खिसा शिवत होत्या तेवढ्या वेळात त्यांनी मन मोकळं केलं. बायका घाबरतात, त्यांना समजावणारं कोणी नाही, आता मी चित्रांची पुस्तिका काढणार आहे, असं बरंच काही.

मावशींनी दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "मॅडम, तपासणीआधी बायकांना घालायला देतात तो गाऊन तुम्ही कधी अंगात घालून बघितलाय?"

डॉक्टरीणबाईंनी घातला नव्हता. त्या गेल्यावर मावशींच्या लक्षात आलं की आपणही घातलेला नाही. शेकड्यांनी शिवले होते, पण सगळे जुन्या नमुन्यावर, डोळे झाकून.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या वर गेल्या, गाऊन घातला आणि तपासणीच्या खोलीकडे निघाल्या. मागून उघडा, दोन नाड्या, त्यातली एक मानेशी. खालची बांधायला हात पोचेना. वाटेत लिफ्ट होती आणि तिच्यासमोरच्या बाकावर कोणाकोणाचे नवरे, भाऊ बसलेले. एका हाताने मागचं कापड धरून मावशी सतरा पावलं चालल्या. अठरावं टाकवेना. परत फिरल्या, कपडे बदलले आणि खाली आल्या. इतकी वर्षं हे आपण बायकांच्या अंगावर चढवत होतो, हे त्यांच्या जिवाला लागलं.

त्याच आठवड्यात त्यांनी नवा गाऊन बेतला. पुढून एकावर एक येणारे दोन पदर, नाडी कमरेला बाजूला, लांबी घोट्यापर्यंत. तपासणीला लागेल तेवढंच उघडेल अशी झडप. चष्मा नि रुमाल ठेवायला खिसा. आणि मापं तीन, कारण सगळ्या बायका एका साच्यातून निघत नाहीत.

भांडारवाल्यांनी नाक मुरडलं. कापड जास्त लागतं, आणि जुन्या गाऊनबद्दल आजवर एकीनेही तक्रार केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

"तक्रार करायला त्या थांबल्या कुठे?" मावशी म्हणाल्या. "त्या घरी गेल्या."

डॉक्टरीणबाईंनी जोर लावला, बाकही तिथून हलवून घेतला. पहिल्या गुरुवारी फारसा फरक पडला नाही. पण ज्या तपासून गेल्या त्यांनी जावांना सांगितलं, बहिणींना सांगितलं. तीन महिन्यांत रांग जिन्यापर्यंत आली.

रांगेत मावशी मात्र नव्हत्या. आज दुपटी उरकायची आहेत, उद्या पडदे आहेत. खरं कारण वेगळं होतं. त्यांची आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली होती. घरात त्याला पोटाचं दुखणं म्हणत. अंगावरून जातंय हे आईने कोणालाच सांगितलं नाही, आणि धुणं धुणाऱ्या मोठ्या लेकीने, म्हणजे मावशींनी, ते पाहूनही विचारलं नाही.

शेवटी लेकीनेच त्यांचा नंबर लावला. "आई, तू आजीसारखं करणार आहेस का?" एवढंच ती म्हणाली. मावशींनी हातातलं काम ठेवलं, मशीन झाकलं आणि त्या वर तपासणीला गेल्या.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पुढे झाला असता अशा पेशी होत्या. छोटीशी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी घरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. मावशी घरी येऊन लेकीजवळ पोटभर रडल्या, आणि बऱ्याच वर्षांनी आईबद्दल बोलल्या.

पुढच्या वर्षी रुग्णालयाला पन्नास वर्षं झाली. दारातच मोठा फलक लावला होता. पहिल्या वर्षी बाळंतपणात किती जणी दगावल्या, आणि गेल्या वर्षी एकही नाही. त्याच्याखाली गुरुवारच्या तपासणीत वेळेत सापडलेल्या बायकांचा आकडा होता. त्या आकड्यात एक मावशीही होत्या. त्या तो दोनदा वाचून पुढे गेल्या.

व्यासपीठावरून डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. मावशी मागच्या रांगेत होत्या. पडदा नीट लागलाय की नाही हे बघण्यातच गुंग. शेजारणीने ढोसलं तेव्हा उठल्या. हातात माइक दिल्यावर म्हणाल्या, "मी फार काही केलं नाही. फक्त घालून बघितला." टाळ्या थांबेनात.

कार्यक्रमानंतर दुसऱ्या दोन रुग्णालयांच्या नर्स त्यांना शोधत तळघरात आल्या. मावशींनी फरशीवर वर्तमानपत्रं पसरली आणि तिन्ही मापांचे नमुने त्यांना कापून दिले.

आता तपासणी सोमवारीही असते. मावशी निवृत्त झाल्यात, पण वरचेवर कोणाला तरी घेऊन येतात. गेल्या खेपेला शेजारच्या काकू होत्या. वाटेत तीनदा परत फिरायला निघालेल्या. त्या आत गेल्या, थोड्या वेळाने गाऊनची नाडी सोडत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच," मावशी म्हणाल्या. "कपडे बदला, घरी जाऊ."