उकंडा

काल लातूरला नातवाचं बारसं झालं. मुलानं मोबाइलवर शोधून नाव काढलं होतं, पण अर्थ त्यालाही नीट सांगता आला नाही. मी थकून कोपऱ्यात बसलो होतो. कुणीतरी हातावर घुगऱ्या ठेवल्या आणि उकडलेल्या हरभऱ्याच्या वासासरशी मला हिमायतनगरची आमची चूल दिसली.

मी दहावीत होतो. त्या दिवशी शाळेतून आलो तो दप्तर भिरकावूनच.

"आई, मला उकंडा हे नाव नको. पोरं उकिरडा म्हणतात."

आई हरभरे उकडत होती. जाळ मागे ओढून ती म्हणाली, "तिथूनच आनलंय तुला. तुझ्या आधीची दोघं गेली. म्हनून सुईनीनं तुला सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं, अन् आत्यानं लोकाचं लेकरू म्हनून उचलून आनलं. मरनाला वाटावं, ह्याच्यावर कुनाचा जीव न्हाई."

"आणि तू?"

"म्या आत पदर तोंडात कोंबून पडले व्हते." मग हळूच म्हणाली, "बदलायचं तर बदल. पन मला लई भ्याव वाटतं."

मला तेव्हा मिसरूड फुटलं होतं, तरी तिची भीती गेली नव्हती. मी पुन्हा नावाचा विषय काढला नाही.

पुढे मी शिक्षक झालो आणि सगळे मला सर म्हणू लागले. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. उकंडा म्हणून हाक मारणारं आता कुणीच उरलेलं नाही.