चार माणसं, नऊ किलो आणि दिंडोरीची द्राक्षं

विमानात बसायच्या आधी मी ते विमान तीन आठवडे कागदावर उडवत होते. आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही सहली आखून देतो. एका दुपारी दिघे सर आले. निवृत्त वैमानिक, ठाण्यातच राहतात, आणि मित्रांबरोबर भागीदारीत त्यांनी चार सीटचं छोटं विमान घेतलंय. त्यांना जुहूहून नाशिकला उडत जायचं होतं. दोन मुक्काम द्राक्षबागांमध्ये, मग परत. जमलं तर पुढे त्यांच्या ओळखीच्या मंडळींसाठी आमच्या ऑफिसने अशा सहली आखायच्या.

आमचे बॉस मकरंद सर म्हणाले, "हे काम हिला देऊ. हिला नवीन काही दिलं की ती झोपत नाही."

दिघे सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पहिल्या फेरीत मी, माझी बायको, मकरंद आणि चौथ्या सीटवर तू. पण एक लक्षात ठेव. छोट्या विमानात सगळा खेळ वजनाचा. ते चुकलं की आयत्या वेळी कुणाला तरी उतरावं लागतं. आणि उतरायला नेहमी त्यालाच सांगतात, ज्याला सांगणं सोपं असतं."

मी कधीच विमानात बसले नव्हते. आमच्या घरातलं कुणीच बसलेलं नाही. चौथी सीट म्हणजे मीच, हे मी वहीत पेनने लिहून ठेवलं.

आधी रस्त्याने

हवेतल्या सहलीची तयारी जमिनीवरच करावी लागते. मी कल्याणहून एसटीने नाशिक गाठलं, साधारण चार तास. कसाऱ्याचा घाट चढताना खिडकीतून वर बघत होते. याच डोंगरांवरून आम्ही जाणार! दिघे सरांनी सांगितलं होतं की घाट सकाळीच ओलांडायचा, दुपारी हवा तापली की विमान फार हलतं.

पहिला मुक्काम गंगापूर धरणाजवळच्या एका वाइनरीच्या खोल्यांमध्ये ठरवला. समोर पाणी, मागे बाग, दोघांना रात्रीचे साडेचार हजार. चव घेण्याचं तिकीट वेगळं. तिथल्या मुलीने मला ग्लास दांडीला धरायला शिकवलं. "बोटांची ऊब लागली की चव बदलते," ती म्हणाली. मी दोन घोट घेतले. पहिल्यात फक्त आंबट कळलं, दुसऱ्यात पेरूसारखा वास आला. खरंच आला की तिने सांगितलं म्हणून आला, कोण जाणे.

दुसरा मुक्काम दिंडोरीकडे, भाऊ आणि मंगलवहिनी या शेतकरी जोडप्याच्या शेतावर. बागेतच दोन खोल्या, जेवणनाश्त्यासकट माणशी दीड हजार. त्यांची अर्धी द्राक्षं वाइनला जातात, अर्धी खायची.

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही वाइन प्यायलात कधी?"

"एकदा घेतली चाखून. एवढी गोड द्राक्षं, अन् हे काय करून ठेवलंय म्हटलं!"

निघताना त्यांनी माझी ओटी भरली आणि वर द्राक्षांची पाच किलोची पेटी दिली. एसटीत ती मांडीवर घेऊन डोंबिवलीला घरी आले. चाळीत वाटली, तरी दोन दिवस पुरली.

काट्यावर

माझे बाबा एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत ड्रम वजन करायचे, अठ्ठावीस वर्षं. माझा वजनांचा तक्ता बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही वजनं कुणी सांगितली?"

"ज्याची त्याने."

"मग खोटी आहेत. सांगितलेलं आणि काट्यावरचं कधी एक नसतं. उभं कर सगळ्यांना. चपला-बूट, पाकीट, मोबाइल, सगळ्यासकट."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात काटा नेला. बहात्तर सांगणारे मकरंद सर एक्क्याऐंशी भरले. "काटा जुना आहे," ते म्हणाले. दिघे काकू मात्र हसत चढल्या, "एकसष्ट. लिही, लपवून उपयोग काय? विमानाला कळणारच." दिघे सर चौऱ्याहत्तर, मी एकोणपन्नास. प्रत्येकी पाच किलोची बॅग, तीही कापडी, कारण चाकांची बॅग रिकामीच तीन किलोची असते. एकूण दोनशे पंच्याऐंशी. टाकीत ठरलेलं पेट्रोल भरल्यावर विमान घेऊ शकत होतं दोनशे चौऱ्याण्णव. उरले नऊ. त्यात वाइनच्या सहा बाटल्या धरल्या. एक भरलेली बाटली सव्वा किलोची असते, हेही मी वजन करूनच लिहिलं.

दिघे सरांनी तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाले, "छान."

वर

अशा सहलीचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. उतरण्याची आणि विमान उभं करण्याची परवानगी बरीच आधी मागावी. रात्री विमान दोरांनी जमिनीला बांधतात, ते दोर आपलेच न्यावेत. विमानाला लागणारं पेट्रोल सगळीकडे मिळत नाही, त्याची सोय आधी करावी. आणि वैमानिकाने दारूला हात लावायचा नाही. दिघे सर दोन्ही संध्याकाळी ताक पीत बसले होते, अगदी मजेत.

आणि उडणं? आवाज खूप. कानाला हेडफोन, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, खिडकी रिक्षाच्या पडद्याएवढी. जमीन सुटली तेव्हा मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण मी नुसती बघत राहिले. खाडी कल्याणकडे केवढी वळणं घेत जाते! कल्याणजवळच्या मोहने गावातल्या जुन्या रेयॉन कारखान्याची जागा काकूंनी ओळखली, त्यांचं माहेर त्या बाजूचं. मग डोंगर आले, विमान दोनदा खाली बसल्यासारखं झालं, मकरंद सरांनी डोळे मिटले. पलीकडे द्राक्षबागांच्या ओळी, वहीच्या रेघांसारख्या. तासाभरात आम्ही नाशिकला उतरलो होतो. परतीसाठी ठरलेलं पेट्रोल तेव्हाच भरून ठेवलं.

दिंडोरीची सकाळ

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ. मंगलवहिनी ताट घेऊन आल्या. काकूंची ओटी, माझी ओटी. दोन नारळ, तांदूळ, आणि मागून भाऊ आले ते पाच-पाच किलोच्या दोन पेट्या घेऊन.

मांडीवर पेटी घेऊन मी स्वतः एसटीने गेले होते. तरी तक्त्यात ती धरली नव्हती.

तेवढ्यात मकरंद सरांचा खोका दिसला. सहा नाही, बारा बाटल्या.

मी भाऊंचा पेट्या तोलायचा काटा मागून घेतला. बाटल्या पंधरा, पेट्या दहा, नारळ एक. सव्वीस किलो. जागा नऊची.

"सतरा किलो जास्त होतंय," मी म्हटलं.

"अगं, सतरा किलोने काय होतंय?" मकरंद सर म्हणाले.

दिघे सर म्हणाले, "मी उडवणार नाही, एवढंच होतंय."

ओटीला नाही म्हणायचं कसं? काकूंनी पदर पुढे धरला होता, तो तसाच. मग मकरंद सरांचा चेहरा उजळला. "सोपं आहे की! तू एसटीने ये. रस्ता तुला माहीतच आहे. एकोणपन्नास किलो आणि तुझी बॅग. सगळंच बसेल."

हिशोब बरोबर होता. मी उतरले असते तर सगळे खूश झाले असते. आणि खरं सांगते, मी बॅगेचा बंद हातात घेतलासुद्धा. आमच्या घरात जागा कमी पडली की आपण उठायचं, ही सवयच आहे.

दिघे सर माझ्याकडे बघत होते. "प्लॅन हिचा आहे. ही सांगेल."

मी आधी मंगलवहिनींकडे वळले. "वहिनी, चूक माझी आहे. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. विमानाला एवढं वजन झेपणार नाही."

मला वाटलं त्या दुखावतील. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं ना, बाई! आमची पेटी जराशी कमी भरली तरी व्यापारी परत पाठवतो. वजनाचं आम्हाला नको शिकवू." त्या आत गेल्या आणि दोन सुपाऱ्या घेऊन आल्या. "नारळ नसला की सुपारीनं भरत्यात ओटी. देवाला चालतं, तुमच्या विमानाला चालंल का?"

दिघे सर मोठ्याने हसले. काकूंच्या पदरात सुपारी, मूठभर तांदूळ आणि द्राक्षांचा एक घोस पडला. माझ्याही ओढणीत तेवढंच. पेट्या आत गेल्या.

"अजून सहा किलो जास्त आहे," मी म्हटलं. माझा आवाज बारीक झाला होता. "सर, मी उतरणार नाही. प्लॅनमध्ये सहा बाटल्या आहेत."

"क्लायंटना द्यायच्यात त्या."

"सहाच न्या, सर."

मकरंद सरांनी दिघे सरांकडे पाहिलं. ते खिशातून चष्मा काढून पुसत होते.

घरी

मकरंद सर परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे दोन दिवसही फक्त कामापुरतं. दिघे सरांनी मात्र पुढच्या दोन सहली आमच्याच ऑफिसला दिल्या आणि तक्ता मीच करायचा असं सांगितलं. त्यात आता एक नवी ओळ आहे, 'यजमानांकडून मिळणारं'. तुम्ही जाणार असाल तर ही ओळ विसरू नका, आणि यजमानांना आधी फोन करा. आपल्याकडे रिकाम्या हाताने कुणी पाठवत नाही.

परतताना डोंबिवली वरून दिसली, पण आमची चाळ काही सापडली नाही. आईला ते सांगितलं, तर तिला त्याचं काही वाटलं नाही. ती तांदूळ निवडत दुसरंच विचारत होती.

"सरांना तोंडावर म्हणालीस? उतरणार नाही म्हणून?"

"हो."

तिचा हात ताटात थांबला. "आणि मग गं?"

"मग बाटल्या उतरल्या."