गुलाब फुलवणं

त्या छापखान्यात सगळ्यांना टोपणनावं होती. कटिंग मशीनवरच्या माणसाला सगळे गुलाब म्हणत, कारण दारूचे दोन घोट पोटात गेले की तो कानापर्यंत लाल व्हायचा. कुणाचा वाढदिवस असो की निरोप, ‘चला, गुलाब फुलवू या’ असं कुणीतरी म्हणायचंच. ते म्हणणारे बहुतेक वेळा मास्तर असत.

मास्तर म्हणजे तिथले फोरमन. ते कितीही प्यायले तरी त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा राही, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

त्या दुपारी जुना बाइंडर निवृत्त झाला म्हणून गोदामात कागदाच्या थप्प्यांआड बाटली उघडली गेली. गुलाब नको नको म्हणत होता. जेवणानंतर त्याला गणिताच्या दीड हजार पुस्तकांच्या कडा कापायच्या होत्या. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून ग्लास ओठाला लावलाच. तो दोन घोट प्यायला आणि फुलला, तसे सगळे पोट धरून हसले. मास्तरांनी स्वतः तीन ग्लास रिचवले आणि वर दोन लवंगा चघळल्या.

कापायचं माप मशीनच्या पत्र्यावर खडूने लिहायचं, तेही मास्तरांनीच, अशी तिथली रीत होती. दोनशे दहा मिलिमीटरच्या जागी मास्तरांच्या हातून दोनशे एक लिहिलं गेलं. गुलाबला ते खटकलं. त्याने विचारलं, “मास्तर, माप बरोबर आहे ना?”

“मी लिहिलंय ना?” मास्तर म्हणाले.

दीड हजार पुस्तकांचे पृष्ठांक कापले गेले. मालक खाली आले तेव्हा गुलाबचे गाल अजून तापलेले होते. मापाचा विषयही निघाला नाही. “आरशात तोंड बघ आधी,” एवढंच म्हणून त्यांनी त्याला पॅकिंगला बसवलं. बारा वर्षं पातं चालवलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावू लागला. त्याने एकदाच मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कागदाची थप्पी सारखी करू लागले. सगळे निघून गेल्यावर त्यांनी खिशातल्या रुमालाने पत्र्यावरचा आकडा पुसला.

घरी ते जेवायला बसले. मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की लवकर लाल होतो त्याला जास्त चढलेली असते का. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, की शरीर दारू दोन टप्प्यांत मोडतं. पहिल्यात तिचं एक विषारी द्रव्य बनतं, दुसऱ्यात ते निकामी होतं. काहींच्या अंगात दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम जन्मापासूनच अधू असतं. मग विष साचतं, रक्तवाहिन्या पसरतात, तोंड लाल होतं, छाती धडधडते.

“लाल तोंड म्हणजे जास्त प्यायला असं नाही, बाबा. त्याला ती सोसत नाही, इतकंच. अशा माणसाने पीतच राहिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. का हो, कुणाला पाजलीत की काय?”

मास्तर हात धुवायला उठले. आपण किती वेळा त्याला फुलवलं, ते त्यांना आठवू लागलं. प्रत्येक वेळी तो छातीवर हात ठेवून हसायचा. ते हसणं नव्हतं, हे त्यांना आता कळत होतं.

सकाळी कामाला सुरुवात होण्याआधीच ते मालकांच्या खोलीत गेले. चुकीचं माप आपण लिहिलं, गुलाबला आपण पाजलं, स्वतः त्याच्या कितीतरी पट प्यायलो आणि खडूचा आकडा पुसला, हे सगळं त्यांनी सांगून टाकलं. मालकांचा विश्वास बसेना.

“तुमच्या तोंडावर तर काहीच दिसत नव्हतं.”

“तेच तर, साहेब,” मास्तर म्हणाले.

त्यांचं फोरमनपद महिनाभरासाठी काढून घेतलं गेलं. पॅकिंगच्या बाकावर ते बसले आणि गुलाब परत मशीनवर गेला. जाताना मास्तरांनी त्याला थांबवलं. ते म्हणाले, “यापुढे तुला कुणी पाजणार नाही. कुणी आग्रह केलाच, तर माझ्याशी गाठ आहे.”

गुलाबने मान डोलावली. त्याचा चेहरा अगदी साधा, सावळा दिसत होता.

“आणि मास्तर,” तो म्हणाला, “तुम्ही परत आलात तरी माप मी माझं घेईन.”

मग त्याने खिशातून स्वतःची मोजपट्टी काढली आणि पात्याखालच्या पहिल्या पुस्तकावर ठेवली.