अण्णांना आलेली किळस

बसवंतअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते थिनरनं हात धूत होते. शाहूपुरीत त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं आणि संगणकावर मजकूर टाईप करायला कुणीतरी हवंय असं कळल्यामुळे मी विचारायला गेले होते. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी ओंजळभर थिनर घेतलं, कोपरापर्यंत चोळलं, सोनेरी शाई विरघळून घमेल्यात ठिबकली. मग हात विजारीला पुसले, जेवणाचा डबा उघडला आणि त्याच हातानं भाकरी मोडली. भाकरीच्या कडेला सोनेरी डाग उमटला होता. तो तुकडाही त्यांनी वांग्याच्या भाजीत बुडवून तोंडात टाकला.

मी तोंड फिरवलं. ते त्यांनी ओळखलं असावं.

"हात धुतलं की, पोरी," ते म्हणाले. "शाई गेली म्हंजे हात साफ. ये, जेवून घे."

मी जेवले नाही, पण नोकरीला लागले.

दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक लांबट खोली. त्या खोलीत जाळीच्या चौकटीवर शाई ओतून अण्णा रबरी पट्टीनं ओढायचे आणि खालच्या कार्डावर गणपती उमटायचा. ओली कार्डं वाळत घातलेली असत. रस्त्यावरची धूळ त्यांच्यावर बसू नये म्हणून खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या. वर त्यांच्या फटींनाही कागद चिकटवलेले. शाई पातळ करायला थिनर, जाळी धुवायला थिनर, फरशी पुसायला थिनर. आत पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि दुपारनंतर कपाळ ठणकायला लागायचं. तक्रार केली तर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "सवय हुतीया. आनि वास उग्र म्हंजे माल अस्सल."

सवय झाली, हेच वाईट झालं. घरी गेल्यावर आई मला दारातच कपडे बदलायला लावायची, म्हणायची, "तुझ्या केसांना गॅरेजचा वास येतोय." मला काहीच येत नसे.

माणूस म्हणून अण्णा सोन्यासारखे होते. निपाणीकडचे लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी. दोन्ही भाषांतल्या पत्रिका ते बोट फिरवत तपासायचे आणि आजीच्या नावातली एक वेलांटी चुकली तर सगळा गठ्ठा पुन्हा छापायचे. "म्हातारीचं नाव आयुष्यात कुटं छापून येनार हाय? ते तरी नीट येऊ दे," म्हणायचे. दारू सोडाच, चहाही ते बिनदुधाचा आणि अर्धाच कप घेत. गळ्यात इष्टलिंग. रोज पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही.

मग त्यांना खाज सुटायला लागली. रबरी पट्टी ओढता ओढता मध्येच थांबून पाठ चौकटीला घासायचे. जेवण जाईना. एकदा उन्हात उभे असताना मी त्यांचे डोळे पाहिले, पिवळे दिसत होते. "सोनेरी शाईची झाक पडलीया," म्हणून त्यांनी उडवून लावलं. शेवटी पारव्वाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला बरोबर घेऊन त्यांना राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मान वर न करता विचारलं, "किती वर्षं घेता?"

"काय?" अण्णांनी विचारलं.

"दारू."

अण्णांनी सदऱ्याचं बटण काढून गळ्यातलं लिंग बाहेर धरलं. "ह्याची आन हाय, डॉक्टर. वासबी घेतला न्हाय कदी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माफ करा," म्हणाले. "मग नीट सांगा, काम काय करता?"

अण्णा लिंग परत सदऱ्यात ठेवत होते, तोवर मीच सांगितलं. बंद खिडक्या, थिनर, उघडे हात, तिथेच जेवण. डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले की यकृत बरंच आक्रसलंय. असं व्हायला कारणं अनेक असतात, त्यामुळे अमुक एकाच गोष्टीनं झालं असं ठामपणे सांगता येणार नाही. पण नाकातून आणि कातडीतून आत जाणारं जे काही असतं, ते शेवटी यकृतालाच निस्तरावं लागतं, आणि यांचं यकृत थकलंय.

"औषध काय देनार?" काकींनी विचारलं.

"औषध देतोच. पण आधी आत जाणारं थांबवा. उपसा करत बसायचा आणि वरून नळ चालूच ठेवायचा, असं चालणार नाही."

आम्ही दुकानी परतायच्या आत, दवाखान्यातल्या कुणाकडून तरी, अण्णांचं लिव्हर बिघडल्याची बातमी गल्लीत फिरली होती. अण्णांचा चुलतभाऊ गुरूतात्या गावोगावच्या पत्रिकांची कामं आणून द्यायचा. तो काउंटरला टेकून हसला. "दादा, आतल्या आत बरंच चाललंतं की. आमाला एकदा बलवायचं तरी." शेजारचा पानवाला हसला. अण्णांनी शटर ओढलं आणि कळंब्याला घरी निघून गेले. लोकांच्या त्या हसण्याची मला जेवढी शिसारी आली, तेवढी थिनरचीही कधी आली नव्हती.

अण्णा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. त्या काळात दुकान बंदच होतं आणि मीही घरी होते. उठता येऊ लागल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून शटर उघडलं. मागच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं, एक श्वास घेतला आणि तसेच मागे वळून गटारावर वाकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. पाणी पाजून मी त्यांना पायरीवर बसवलं. माझ्याही घशाशी आलं होतं. इतके दिवस बाहेर राहिल्यावर आम्हाला दोघांनाही तो वास पहिल्यांदा, जसा होता तसा आला होता.

"पोरी," ते तोंड पुसत म्हणाले, "हिथं आपन जेवत हुतो?"

मी मान हलवली.

"नाक म्हंजे दारावरचं कुत्रं अस्तंय. भुकतंय म्हनून आपन त्याला मारून गप केलं. मग चोर आत शिरला त्यात नवल काय." ते पुन्हा थुंकले. "किळस आली पायजे मानसाला. किळस गेली की मानूस गेला."

हे वाक्य मग मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. त्याच दिवशी त्यांनी खिळे उपटून खिडक्या उघडल्या. खिडक्यांच्या चौकटींवर बोटभर जाडीचा चिकट काळा थर साठला होता, त्यात माश्या, केस आणि सोनेरी चुरा. तो मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला. आजही आठवला की जीभ आत ओढली जाते. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. हातमोजे आले. हात धुवायला आधी खोबरेल आणि मग साबण आला. डबा खायला आम्ही बाहेर पायरीवर बसू लागलो. थिनरची रिकामी डबडी काकींनी घरी नेऊन त्यांत मीठ आणि चिंच भरून ठेवली होती. अण्णांनी ती चिंचेसकट बाहेर काढली.

घरात तर त्यांनी उच्छाद मांडला. बंद खोलीत रात्रभर धुमसणारी डासांची अगरबत्ती गेली, मच्छरदाणी आली. मोरीतला गुलाबाच्या वासाचा फवारा गेला. "घान हाय तर घासा. घानीला अत्तर कशाला लावताय?" प्लॅस्टिकच्या पिशवीतून गरम चहा आला तर ते परत पाठवायचे. एकदा मी वर्तमानपत्रात बांधलेली भजी आणली. त्यांनी एक भजं उचलून माझ्यासमोर धरलं. तेलात कुणाच्या तरी निधनाची बातमी उलटी उमटली होती.

"वाच," म्हणाले.

मी वाचली.

"आता खा बगू."

काकी कधी कधी वैतागायच्या. "श्वास घेऊ का नको, तेवडं सांगा आता," म्हणायच्या. पण भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायला त्याही लागल्या.

सगळ्यात जास्त किळस अण्णांना यकृत साफ करणाऱ्या चूर्णांची यायची. मोबाईलवर पाहून नातेवाईक काय काय पाठवत. गुरूतात्यानं हिरवट काढ्याची मोठी बाटली आणली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आत काय आहे ते. "पंधरवड्यात लिव्हर धुऊन निगतंय," तो म्हणाला. अण्णांनी ती डॉक्टरांना दाखवली. अशा काढ्यांनीच यकृत बिघडलेली माणसं आपल्याकडे येतात, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अण्णांनी ती बाटली जपून परत आणली आणि तात्याच्या हातात ठेवली. "तुज्या घरात लिव्हर हाईत की. धू जा."

त्यानंतर तात्या बिथरलाच. अण्णांनी पाण्यातली शाई वापरायला सुरुवात केली होती. तिचा वास सौम्य, पण सोनेरी रंग फिका यायचा. तात्यानं एक कार्ड उजेडात धरून परत टेबलावर फेकलं. "दादा, ही लग्नाची पत्रिका हाय का बाराव्याची? लोकास्नी झगमगाट लागतोय."

"झगमगाट पायजे तर दुसरीकडं जा."

तो गेला आणि कामंही घेऊन गेला. पुढच्याच गल्लीत त्याला छापणारा मिळाला, तशीच बंद खोली, तसंच थिनर. अण्णा मला घेऊन काठी टेकत तिथे गेले. खिडकी उघड, हातात मोजे घाल, एवढंच सांगायला. तो छापणारा हसून म्हणाला, "आमाला सवय हाय, अण्णा." दुकानात आल्यावर अण्णा म्हणाले, "माजंच बोलनं माज्या तोंडावर मारलं त्येनं."

हे सगळं करून ते पूर्ण बरे झाले असं लिहायला मला आवडलं असतं. खाज कमी झाली. जेवण थोडं जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, बिघाड वाढायचा थांबलाय, ही मोठी गोष्ट आहे. दोन-तीन वर्षं त्यांना तशी बरी मिळाली. संध्याकाळी कळंब्याच्या तळ्याकाठी ते आणि काकी फिरायला जात. पण आक्रसलेलं ते आक्रसलेलंच होतं. एका पावसाळ्यात पोटात पाणी झालं, मग रक्ताची उलटी झाली, आणि अण्णा दवाखान्यातून परत आले नाहीत.

माती झाल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मी ओसरीवर चहा देत होते. गुरूतात्या चार पाहुण्यांत बसला होता. आवाज खाली होता, पण ऐकू यावा इतकाच खाली. "वरनं किती का सोवळं असंना," तो म्हणत होता, "लिव्हर काय खोटं बोलत न्हाय, पावणं. घेतल्याबिगर असं हुतंय व्हय?"

पाहुण्यांनी माना हलवल्या. माझ्या हातातला ट्रे तिथेच आपटावा असं वाटलं.

पारव्वाकाकी आतून उठून उंबऱ्यात आल्या. आवाज चढवला नाही, पदर सारखा केला आणि तात्याकडे बघत राहिल्या.

"व्हय भावजी, प्यालं ते," त्या म्हणाल्या. "नाकानं प्यालं. तुमच्या पोरींच्या पत्रिका सोन्यात छापत हुतं, तवा प्यालं. तुमी दाराच्या भायेर नाकाला रुमाल लावून हुबं ऱ्हायचा. वास तुमाला येत हुता. तवा ते आत पीत हुतं."

तात्यानं कप खाली ठेवला. पाहुणे आपापल्या चपला शोधू लागले.