दोघींनी खेळायचा गेम

"तू निवड गं, दोघींनी खेळायचाय," म्हणत ऋचाने एक कंट्रोलर माझ्या हातात दिला. कॉलेजातली माझी ही एकुलती एक मैत्रीण. तिच्या घरी मी पहिल्यांदाच आले होते. टीव्हीवर गेमची चित्रं सरकत होती. कंट्रोलर मी कधी धरलाच नव्हता. हे कळल्यावर ती पुन्हा बोलावील का?

शर्यतीच्या गेममध्ये मी मागे पडलेली दिसले असते. म्हणून दोन बाहुल्या एका दोरीने बांधलेला गेम निवडला. वाटलं, तिच्या आडोशाने निभावेल. कॉलेजात आल्यापासून मी बहुधा असाच आडोसा शोधते आहे. पण माझी बाहुली दरीत पडली की तिचीही ओढली जायची. पाचदा पडलो.

"मला येत नाही गं. कच्चा लिंबू धर ना मला." आमच्या गल्लीत लहानग्यांना तसंच खेळवायचे, ते कधी बाद होत नसत.

"ते पहिल्या उडीतच कळलं, बाई! पण यात कच्चा लिंबू नसतो, दोरी आहे. मी मोजते, तीनला उडी मार."

ती मोजू लागली. भीती होतीच. "दोन," ती म्हणाली, आणि माझा अंगठा बटणावर तिच्या तीनची वाट बघत राहिला.