वर्तमानपत्रावर ठेवलेली पिशवी

सॅनिटायझरचा वास आला की रोह्याच्या घरातली बंद खोली आठवते. माझ्या बायकोचं, सुनंदाचं डायलिसिस तेव्हा घरीच चाले. नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढून नवीन भरायचं. नळी उघडताना धूळ आत जाऊ नये म्हणून खिडक्या लावून पंखा बंद ठेवायचो.

त्या दुपारी मी नळीचं टोपण काढलं आणि निडीहून आलेली माझी ताई आत शिरली. "काय गो, घामाघूम झालीस," म्हणत तिने मायेने पंखा लावला. पात्यांवरची धूळ खाली आली.

मी नळीला चिमटा लावून पेणच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "निघणारं पाणी बघत राहा. गढूळ आलं तर पोटात जंतू झालेत, लगेच आणा."

पाणी निवळ आहे का, हे निघालेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून बघतात; आरपार खालची अक्षरं वाचता आली, तर निवळ. दुसऱ्या दिवशी ठेवली, तर भीतीने मला अक्षरंच लागेनात.

"वाचा की," सुनंदा म्हणाली.

"दुसऱ्या वेताची... म्हैस विकणे आहे."

"नाय परवडायची आपल्याला," ती म्हणाली आणि रडू लागली.

तोवर मी समजत होतो, घाबरलोय तो मी एकटाच.