बाई कोणत्याच केंद्राचं नाव सांगत नाहीत

सुवार्ताबाई गायकवाड यांना मी प्रथम पाहिलं ते दौंडच्या शाळेत, नववीच्या वर्गाच्या दारातून. मी मराठीत एम.ए. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. बाई कविता शिकवत होत्या. एका मुलीने विचारलं, "बाई, यातला मुलगा शेवटी घरी येतो का?" बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग मुलीकडे. म्हणाल्या, "मला ठरवता येत नाही. तुला काय वाटतं?"

मला ते विचित्र वाटलं. आम्हाला विद्यापीठात ठरवायला शिकवलं होतं.

पुढे अनेक वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. बाई वह्या वेळेवर तपासून देत आणि कोणाच्याही मागे त्याच्याविषयी बोलत नसत. नाताळात सगळ्यांना त्यांच्या हातच्या करंज्या मिळत. शिपाईमामांचा डबा सर्वांत मोठा असे.

निवृत्तीनंतर बाई दर शनिवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत बसू लागल्या. दारूत, गोळ्यांत, पावडरीत अडकलेल्यांच्या घरचे लोक तिथे येतात. शिरूरकडून येतात, रेल्वे कॉलनीतून येतात. बाईंच्या स्वतःच्या घरी कोणाला व्यसन नव्हतं. मग तुम्हीच का, असं कोणी विचारलं की त्या म्हणतात, "यातल्या बऱ्याच जणांची हजेरी मी घेतली आहे."

त्यांच्याविषयी एक तक्रार मात्र सगळे करतात. लोक चांगल्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव विचारायला येतात आणि बाई नाव सांगत नाहीत. "आपण बघून येऊ," म्हणतात. मग या वयात पिशवीत पाण्याची बाटली टाकून बरोबर निघतात.

मीही नाव विचारायला गेलो होतो. माझा धाकटा भाऊ संजय सणसवाडीला कंपनीत होता, तिथेच खोली घेऊन राहत होता. आधी दारू होती, मग गोळ्या आल्या. एकदा तो खोलीत बेशुद्ध सापडला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर वाचेलच असं नाही.

आम्ही त्याला माझ्या घरी आणलं आणि केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. एक जण शंभर टक्के गॅरंटी देत होता. दुसरा म्हणाला, "गाडी पाठवतो, आमची पोरं उचलून आणतील, पेशंटला काही बोलू नका." तिसऱ्याकडे औषध अजिबात नव्हतं, फक्त ध्यान. चौथा म्हणाला, औषधाशिवाय ठेवलं तर झटके येऊन माणूस जाईल. प्रत्येक जण दुसऱ्याला फसवा म्हणत होता. शब्दांचे अर्थ लावणं हा माझा व्यवसाय. त्या आठवड्यात मला एकाही वाक्याचा अर्थ लागत नव्हता.

आमचे वडील, आबा, इनामगावला शेती करतात. गावच्या सोसायटीत संचालक आहेत. त्यांचं ठरलेलं होतं. बाईंसमोर ते म्हणाले, "लांबचंच बघायचं. जवळ ठिवला तर भावकी रोज इचारल."

"गावाला काय सांगणार, आबा?" बाईंनी विचारलं.

"सांगू, कंपनीनं ट्रेनिंगला धाडलाय."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. ट्रेनिंगला गेलेले इतके आहेत की तेवढ्या कंपन्या सणसवाडीत नसतील. बाईंना हे माहीत होतं. त्या हसल्या नाहीत.

"लांब ठेवलं तर भेटायला कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"भेटायचं कशाला? बरा झाला की यील."

"आणि संजयला विचारलंत?"

"त्याला काय इचारायचं? तो शुद्धीवर आसतो व्हय?"

"सकाळी?"

"सकाळी आसतो जरा," ते म्हणाले.

बाई, आबा आणि मी दोन ठिकाणी गेलो. पहिलं लांबचं होतं. भिंतींवर सुविचार रंगवले होते, ऑफिसात एसी होता. बाईंनी तिथल्या माणसाला सांगितलं, "आम्हाला पेशंट लोकांच्या पंगतीला जेवायचं आहे."

"मॅडम, समोर चांगलं हॉटेल आहे ना."

"हॉटेल नको. आत किती जण आहेत, कसे आहेत, ते जेवताना कळतं."

"आत अलाउड नाही."

आबांना ते ठिकाण आवडलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "शिस्त दिसती." बाई म्हणाल्या, "दिसली नाही, आबा. दार बंद होतं."

दुसरं केंद्र दौंडपासून रिक्षाने जाता येईल एवढ्यावर होतं. पत्र्याची शेड होती, ओसरीवर काही जण लसूण सोलत बसले होते. आम्ही पंगतीला बसलो. वांग्याच्या भाजीत मीठ फार होतं. बाईंनी ऑफिसात एकही प्रश्न विचारला नाही. शेजारी जेवणाऱ्याला विचारलं, डॉक्टर खरंच येतात का, रात्री अंगाला कंप सुटला तर कोण उठतं, इथे कोणी हात उचलतं का. तो सावकाश उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, "मी तिसऱ्यांदा आलोय, बाई."

आबांनी घास खाली ठेवला.

परत येताना मी बाईंना म्हणालो, "तिसऱ्यांदा म्हणजे इथे गुण येत नाही, असंच ना?"

त्यांनी पिशवीतली बाटली काढून पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "मलाही कळत नाही, सर. पण तो आपल्या पायांनी आला. उचलून आणलं असतं, तर पुन्हा आला असता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई संजयसमोर बसल्या. दोन्ही ठिकाणं जशी पाहिली तशी सांगितली. तो खाली बघत ऐकत होता.

"पंगतीला काय होतं?"

"वांगं. खारट."

"तिथं आपल्यासारखाच एखादा पेशंट कुक असणार," संजय म्हणाला. मग आबांकडे बघून, "तुम्ही येणार का भेटायला? का मी ट्रेनिंगला?"

आबा उठून बाहेर गेले. आत आले तेव्हा म्हणाले, "यील मी."

संजय त्या जवळच्या केंद्रात गेला. आबा दर भेटीला गेले. तो बाहेर आला, कामाला लागला, चांगला राहिला आणि पुन्हा घसरला. या वेळी कोणाला न सांगता तो स्वतःच तिथे जाऊन दाखल झाला. हे लिहितो आहे तेव्हा तो आतच आहे. आम्ही निवडलं ते बरोबर होतं का, हे मी बाईंना अजून विचारतो. त्या अजून म्हणतात, "ठरवता येत नाही." मला ते आता विचित्र वाटत नाही, पण त्याने धीर येतो असंही म्हणवत नाही. एवढंच कळतं, की त्या आमच्याबरोबर या गोंधळात उभ्या आहेत आणि कंटाळून निघून गेलेल्या नाहीत.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लेख मागितला तेव्हा गेल्या भेटीत मी संजयला विचारलं, तुझं लिहू का. तो म्हणाला, "नाव टाक." आबा शेजारी बसले होते. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गावाचं बी टाक," आबा म्हणाले. "बाईंचा अंक हाय. खोटं नको."

सुवार्ताबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, ही इच्छा आम्ही तिघे मिळून करतो. संजय बाहेर येईल तेव्हा दारात आम्हाला त्या हव्या आहेत. तो पुन्हा आत गेला, तरीही.